‘स्क्रॅच डिस्क फुल’चा संदेश येतोय? बाहेरची हार्ड डिस्क घेण्याआधी हे वाचा

लग्नसराईत अल्बमची कामे रांगेत असतात. भरपूर लेयर असलेली फाइल उघडी असताना फोटोशॉप ‘स्क्रॅच डिस्क्स आर फुल’ असा संदेश दाखवते आणि काम तिथेच अडते. अशा वेळी अनेक जण स्वस्तातली पोर्टेबल हार्ड डिस्क आणून जोडतात. त्याने जागेचा प्रश्न सुटतो, पण वेगाचा नवा प्रश्न उभा राहू शकतो.

स्क्रॅच डिस्क म्हणजे काय?

फोटोशॉप आधी रॅम वापरते. रॅम अपुरी पडली की जादा डेटा डिस्कवर तात्पुरत्या फाइलमध्ये लिहिते. हीच स्क्रॅच डिस्क. वेगळी निवड केली नसेल, तर संगणक ज्या ड्राइव्हवरून सुरू होतो तोच यासाठी वापरला जातो. विंडोजमध्ये तो बहुधा सी ड्राइव्ह असतो.

एवढी जागा का लागते?

२४ मेगापिक्सेलचा फोटो जेपेग म्हणून छोटा दिसतो. उघडल्यावर मात्र प्रत्येक पिक्सेलचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे साठवावे लागतात. ८ बिटमध्ये हे सुमारे ७२ एमबी, तर १६ बिटमध्ये १४४ एमबी होतात. असे दहा पूर्ण लेयर झाले, की दीड जीबीच्या आसपास डेटा तयार होतो. शिवाय मागे जाण्यासाठीच्या हिस्ट्रीच्या पायऱ्याही साठवल्या जातात. २५६ जीबीच्या लॅपटॉपमध्ये जागा कशी संपते, हे यावरून लक्षात येईल.

बाहेरची डिस्क चालते का?

चालते, पण कोणती हे महत्त्वाचे. फिरत्या तबकडीची पोर्टेबल हार्ड डिस्क साधारण सेकंदाला १०० ते १५० एमबी वेग देते. विखुरलेला डेटा वाचताना हा वेग आणखी घसरतो. ती यूएसबी २.० पोर्टला जोडली, तर प्रत्यक्षात ३० ते ४० एमबीच मिळतात. याउलट, यूएसबी ३.० किंवा त्यापुढच्या पोर्टला जोडलेली एसएसडी ४०० एमबी किंवा अधिक वेग देऊ शकते. त्यामुळे या कामासाठी एसएसडीच घ्यावी. लॅपटॉपमधल्या एसएसडीवर पुरेशी जागा असेल, तर बाहेरच्या डिस्कची गरजच नाही.

बदल कसा करायचा?

विंडोजमध्ये एडिट मेनूतून प्रेफरन्सेस आणि तिथून स्क्रॅच डिस्क्स उघडा. बाहेरच्या ड्राइव्हवर टिक करा, बाणाने तो वर आणा आणि फोटोशॉप पुन्हा सुरू करा. जागेअभावी फोटोशॉप उघडतच नसेल, तर सुरू करताना कंट्रोल आणि ऑल्ट ही बटणे दाबून ठेवा. मॅकवर कमांड आणि ऑप्शन दाबा.

काय काळजी घ्यावी?

काम सुरू असताना केबल निघाली, तर फोटोशॉप बंद पडून सेव्ह न केलेले काम जाऊ शकते. ग्राहकाच्या फोटोंची एकमेव प्रत याच ड्राइव्हवर ठेवू नका.

पैसे खर्च करण्याआधी एक तपासणी करा. फोटोशॉपच्या तळाच्या पट्टीत ‘एफिशियन्सी’ हा पर्याय निवडा. कामादरम्यान आकडा १०० टक्केच राहत असेल, तर स्क्रॅच डिस्कमुळे काम मंदावलेले नाही आणि नव्या ड्राइव्हने वेग वाढणार नाही. आकडा वारंवार खाली येत असेल, तर आधी रॅम वाढवता येते का ते पाहा. ते शक्य नसेल, तर एसएसडीचा विचार करा.