धोट्यातील धागा आणि विटाळ

सुताचा धागा नाजूक. तो न तुटता यंत्रात ओवणे ही गिरणीकामाची कसोटी. मुंबईच्या गिरण्यांतील साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, आडवा धागा धोट्यातून जाई. कांडी संपली की विणकर नवी कांडी बसवी आणि सुताचे टोक धोट्याच्या बारीक छिद्राला तोंड लावून श्वासाने बाहेर ओढी.

तोच धोटा अनेकांच्या ओठी लागे. त्यामुळे विटाळाची सबब पुढे करून अस्पृश्य कामगारांना साचेखात्याची दारे बंद ठेवली गेली. अधिक मजुरी तेथेच होती. आपल्या माणसांच्या वाट्याला कमी मजुरीची सूतकताईची कामे आली. १९२८ च्या गिरणी संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही बंदी उठविण्याची मागणी संपाच्या नेत्यांपुढे ठेवली.

वस्तुतः धागा तोंडाने ओढणे सर्वांच्याच आरोग्यास घातक होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्येच असे धोटे कायद्याने बंद केले. खाचेच्या धोट्यात धागा हाताने ओवता येतो. जी अडचण एका खाचेने सुटली असती, तिच्यासाठी माणसेच बाहेर ठेवली गेली. आणि विदर्भात तर महार समाज पिढ्यानपिढ्या घरच्या मागावर जाडेभरडे कापड विणत आला होता!

तिरोड्याच्या या वसतिशाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना आम्ही एवढेच सांगू : ‘हे काम तुमचे नव्हे’ असे कोणी म्हटल्यास प्रथम ते यंत्र समजून घ्या.