पहिले रिव्हॉल्व्हर घेण्यापूर्वी

दिवाळीच्या दिवसांत रात्री उशिरा गल्ला बंद करून घरी निघणारा सराफ, महामार्गावर चोवीस तास पंप चालवणारा मालक, बाजाराची रोकड गाडीत घालून घाटातून येणारा अडत्या, खंडणीचे फोन येऊ लागलेला बांधकाम व्यावसायिक. शस्त्र परवान्याची चौकशी करणाऱ्यांत अशी माणसे असतात आणि त्यांच्या भीतीला बहुधा आधारही असतो. त्यांना 'हे सगळे मनाचे खेळ आहेत' असे सांगून वाटेला लावणे मला बरोबर वाटत नाही. पण परवान्याचा विचार मनात आला की त्यांचा पहिला प्रश्न असतो, 'कोणते घेऊ?' पिस्तूल की रिव्हॉल्व्हर, कानपूरचे की दुसऱ्या कुणाचे, किंमत किती. त्याचे उत्तर देता येते आणि पुढे मी ते देणारही आहे. पण आधी कायदा, घर आणि घरातली माणसे यांचा विचार झाला पाहिजे. तो नीट झाला तर अनेकांनी अर्ज करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शस्त्र बाळगणे हा आपल्याकडे मूलभूत हक्क नाही, आणि हे आपोआप घडलेले नाही. १८७८ च्या कायद्याने इंग्रज सरकारने भारतीयांच्या हातातली शस्त्रे परवान्याच्या कचाट्यात आणली आणि युरोपीय लोकांना मात्र सूट दिली. या अपमानाची चीड खोल होती. १९२७ मध्ये नागपुरात मंचरशा आवारी यांनी शस्त्र कायदा मोडण्याचा सत्याग्रह केला. पुढे 'जनरल आवारी' याच नावाने लोक त्यांना ओळखू लागले. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. संविधान सभेत मात्र डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तो संविधानात घालण्याची सूचना मांडली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती नामंजूर झाली. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला, २०१६ मध्ये नवे नियम आले. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अमेरिकेशी तुलना करून सांगितले की तसा घटनादत्त हक्क आपल्या नागरिकाला नाही.

म्हणून सुरुवात होते ती अर्जापासून. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात तो आयुक्तांकडे, इतरत्र जिल्हादंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. वय २१ पूर्ण हवे. स्थानिक पोलीस ठाण्याकडून चौकशी अहवाल जातो, शारीरिक आणि मानसिक स्वास्थ्याचा वैद्यकीय दाखला लागतो, आणि धोका नेमका कशाचा हे सांगावे लागते. खंडणीचे फोन आले असतील तर त्यांची तक्रार, लूट झाली असेल तर गुन्ह्याचा क्रमांक, व्यवसायाची कागदपत्रे असा पुरावा जोडावा. अर्ज नाकारला तर कारणे लेखी नोंदवली गेली पाहिजेत आणि त्यावर अपील करता येते. कायद्यात एक चांगले कलमही आहे: पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रे ठेवता येऊ लागली.

आता शस्त्राकडे येऊ. अमेरिकेतल्या दुकानात शेकडो नमुने मांडलेले असतात. आपल्याकडे निवडीचा परीघ फार लहान आहे. ९ एमएमसारखे लष्करी आणि पोलिसी बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध आहेत. सामान्य माणसासाठी परदेशी बंदुकांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. त्यामुळे जुनी परदेशी पिस्तुले फक्त एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि त्यांची किंमत गुणवत्तेपेक्षा दुर्मिळतेवर ठरते. पहिल्या शस्त्रासाठी या वाटेला जाऊ नये. सुटे भाग मिळत नाहीत, जुन्या स्प्रिंगांचा भरवसा नसतो, आणि नावाच्या मोहात मोजलेले लाखो रुपये अडीअडचणीला कामी येत नाहीत.

राहतात ती मुख्यतः .३२ बोअरची देशी हत्यारे. कानपूरच्या सरकारी कारखान्यांचे .३२ रिव्हॉल्व्हर ब्रिटिश वेब्ली घडणीवर बेतलेले आहे: मधोमध दुमडून उघडते, सहा काडतुसे घेते. जानेवारी २०१४ मध्ये तिथूनच 'निर्भीक' हे रिव्हॉल्व्हर आले. दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर स्त्रियांसाठी म्हणून गाजावाजाने आणलेले, टायटॅनियम मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे. किंमत होती १,२२,३६० रुपये. मणिपूरमध्ये बंदुकीच्या हिंसेने उद्ध्वस्त झालेल्या स्त्रियांसाठी काम करणाऱ्या बिनालक्ष्मी नेप्राम यांनी त्यावर कडक टीका केली होती आणि मला ती पटते. स्त्रीच्या सुरक्षिततेची जबाबदारी राज्याने सव्वा लाखाच्या वस्तूच्या रूपात तिच्याच पर्समध्ये ठेवली, असा त्याचा अर्थ होतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये हे सरकारी कारखाने चालवणाऱ्या आयुध निर्माणी मंडळाचे सात कंपन्यांत विभाजन झाले. बंदुका कानपूरच्या अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स कंपनीकडे गेल्या, दारूगोळा पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे. कानपूरच्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबल' हे रिव्हॉल्व्हर आणले, वजन सुमारे ७०० ग्रॅम. त्याचे सिलिंडर बाजूला उघडते, त्यामुळे भरणे आणि रिकामे करणे सोपे जाते. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याचे 'अशनी' हे .३२ चे पिस्तूल आहे. वेब्ली अँड स्कॉट हे जुने ब्रिटिश नावही आता उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात संडीला इथे रिव्हॉल्व्हर बनवते.

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर, याचे माझे उत्तर ठाम आहे: पहिले शस्त्र रिव्हॉल्व्हरच असावे. कारण अपघाताच्या रीतीत आहे. पिस्तुलाचे मॅगझीन काढले की ते रिकामे झाले असे नवख्याला वाटते, पण एक काडतूस आधीच नळीच्या मागच्या टोकाशी, चेंबरमध्ये चढलेले असू शकते. मॅगझीन हातात, पिस्तूल 'रिकामे', आणि साफ करताना गोळी सुटली, अशा घटनांमागे हीच चूक असते. रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर उघडले की सहाही घरे डोळ्यांसमोर येतात. काडतूस उडाले नाही तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचे घर समोर येते. पिस्तुलात काडतूस अडकले तर स्लाइड ओढून ते मोकळे करण्याची सवय हातात मुरलेली लागते, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातात ती नसते. रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो ही तक्रार खरी आहे. नवख्याच्या घरात तो जडपणा मला गुणच वाटतो.

वजनाच्या बाबतीत बहुतेक जण उलटे वागतात. हलके घेतले की खिशात ओझे होत नाही, पण हलके शस्त्र हातात जास्त उसळते आणि दुसरी गोळी भलतीकडे जाते. फार लहान मुठीवर करंगळीला जागा मिळत नाही, फार मोठ्या मुठीमुळे बोटाचे पेर चापापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून ज्याच्या हातात ते राहणार त्यानेच दुकानात जाऊन, रिकामे असल्याची विक्रेत्यासमोर खात्री करून, धरून पाहावे. नवऱ्याने बायकोसाठी पसंत करून आणायची ही वस्तू नाही. .३२ ची गोळी दुबळी असते असे ऐकवणारेही भेटतील. लष्करी गोळीच्या तुलनेत ते खरे आहे, पण ती माणूस मारते आणि फ्लॅटमधल्या प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे झोपलेल्या मुलापर्यंतही जाते.

रिव्हॉल्व्हर सोपे असले तरी निर्धोक नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत अभिनेते गोविंदा पहाटे प्रवासाला निघताना त्यांचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर हातातून पडले, गोळी सुटली आणि त्यांच्या पायात गेली. जुन्या घडणीच्या काही रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्यावर आघात झाला तर तो थेट काडतुसावर बसू शकतो. नव्या घडणीत मधे अडसर असतो आणि चाप पूर्ण ओढल्याशिवाय तो हलत नाही. विकत घेताना हा एक प्रश्न विचाराच. जुने हत्यार असेल तर घोड्याखालचे घर रिकामे ठेवण्याची जुनी पद्धत पाळावी. खंडेनवमीला शस्त्र पूजेत मांडताना तर सहाही घरे रिकामी असावीत आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात असावीत. त्या दिवशी घरात लहान मुलांची वर्दळ असते.

२०१६ च्या नियमांनी शस्त्र सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाचा दाखला मागायला सुरुवात केली, हे फार चांगले झाले. दुर्दैवाने अनेक जण तो एक कागद म्हणून मिळवतात. कुणाचा विश्वास बसो न बसो, वर्षानुवर्षे परवाना असूनही एकही गोळी न झाडलेली माणसे आहेत. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस सार्जंट डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये मांडलेला एक साधा हिशेब मला विचार करायला लावतो: चाकू घेतलेला धडधाकट माणूस २१ फूट, म्हणजे साधारण साडेसहा मीटर अंतर दीड सेकंदात कापतो. कमरेचे शस्त्र काढून नेम धरायला सरावलेल्या पोलिसालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. मग बॅगेच्या तळाशी असलेल्या, चेन लावलेल्या रिव्हॉल्व्हरचे काय होणार? सराव नसेल तर ते हत्यार हल्लेखोराच्या हाती जाण्याचीच भीती जास्त. रायफल क्लबचे सदस्यत्व घेऊन नियमित गोळ्या झाडण्याची तयारी नसेल, तर परवान्याचे पैसे चांगली तिजोरी, कॅमेरे आणि रोकड नेणाऱ्या व्हॅनसाठी खर्च करावेत.

घरातल्या कपाटाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचे आहे, कारण तिथेच आपली नजर कमी पडते. कॅलिफोर्नियात २००४ ते २०१६ या काळात सुमारे २ कोटी ६० लाख प्रौढांच्या नोंदी तपासून केलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्यांदा हँडगन घेतलेल्यांचे पुढे काय झाले, हाच त्याचा विषय होता. बंदुकीने आत्महत्या करण्याचे प्रमाण हँडगन बाळगणाऱ्या पुरुषांत न बाळगणाऱ्यांच्या जवळपास आठपट आणि स्त्रियांत पस्तीसपट निघाले. खरेदीनंतरच्या पहिल्या दिवसांत धोका सर्वाधिक होता, पण तो वर्षानुवर्षे टिकला. तो देश वेगळा, तिथले कायदे वेगळे. माणसाचे मन मात्र वेगळे नाही. व्यवसायात बुडालेला भाऊ, परीक्षेत नापास झालेली मुलगी, दारूच्या आहारी गेलेला काका अशा कुणाची वाईट रात्र कोणत्याही घरात येऊ शकते, आणि हातात बंदूक आली तर त्या रात्रीतून परत फिरण्याची संधी फारशी उरत नाही. घरात कुणी नैराश्यात असेल, व्यसन असेल, हाणामारीपर्यंत जाणारे वाद असतील, तर शस्त्र आणू नये. इथे मी मधला मार्ग मानत नाही.

आणलेच, तर भिंतीत बोल्टने बसवलेली पोलादी पेटी, काडतुसे वेगळ्या कुलपात, किल्ली एकाच माणसाकडे. यावर लगेच विचारले जाते की चोर आल्यावर कुलपे उघडत बसायचे का. प्रश्न खरा आहे. तरीही मी कुलपाच्याच बाजूने आहे, कारण दरोडेखोर कदाचित कधीच येणार नाही आणि मूल रोज घरात असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली, ती मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावर परवाना असलेल्या पिस्तुलाने. दुसऱ्याच्या हाती लागलेले शस्त्र काय करते, याचा हा मुंबईतलाच दाखला.

गोळी झाडल्यानंतरच्या गोष्टीही आधी वाचून ठेवाव्यात. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे खासगी संरक्षणाच्या हक्काची आहेत. मृत्यू किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असेल, बलात्कार, अपहरण किंवा अ‍ॅसिड हल्ला होत असेल, तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंतही हा हक्क पोहोचतो. मालमत्तेसाठी जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, घराला आग लावणे अशा मोजक्या प्रसंगी. पण गरजेपेक्षा जास्त इजा चालत नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही. दर्शन सिंग खटल्यात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा हक्क वाजवी भीतीबरोबर सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंतच टिकतो. पळणाऱ्या चोराच्या पाठीत घातलेली गोळी त्यात बसत नाही.

शस्त्र मिरवण्याची हौस असलेल्याने तर या वाटेला येऊच नये. नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हँडगन पूर्ण झाकलेली आणि ताब्यात असली पाहिजे. वरातीत आनंदाने गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बीड जिल्ह्यातले सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर एकट्या त्या जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याचे बाहेर आले, समाजमाध्यमांवर शस्त्रे नाचवणाऱ्यांची छायाचित्रे पुढे आली आणि प्रशासनाला परवाने रद्द करत बसावे लागले. ज्याला खरोखर धोका आहे त्याचा अर्ज अशा परवान्यांमुळेच संशयाने पाहिला जातो, याचा मला राग येतो. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करायची नोटीसही येऊ शकते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातून गेलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरसकट जमा करण्याऐवजी प्रकरणागणिक विचार करायला सांगितले होते. नोटीस आली तर छाननी समितीकडे आपले कारण लेखी मांडता येते.

आणि एक गोष्ट घरच्यांना आजच सांगून ठेवावी. परवानाधारक गेला तर त्याचे रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवून देता येत नाही. ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी लागते, मग वारसाने हवे तर स्वतःच्या नावावर परवाना मागावा. धारकाने सत्तरी गाठली किंवा शस्त्र २५ वर्षे त्याच्याकडे असले, तर त्याच्या हयातीतही वारसाला अर्ज करता येतो. परवान्याची प्रत, शस्त्राचा क्रमांक आणि विक्रेत्याचा पत्ता एका पाकिटात घालून ते विम्याच्या कागदांबरोबर ठेवावे.