जुना एसी, दमट हवा आणि घरचा हिशेब

मुंबई, ठाणे, रायगडपासून सिंधुदुर्ग-गोव्यापर्यंतच्या किनारपट्टीवर मार्च सरत आला, की अनेक घरांत एकच प्रश्न निघतो. आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला एसी आता पूर्वीसारखा गार करत नाही. तंत्रज्ञ येऊन गॅस भरून जातो आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तीच तक्रार उभी राहते. मग आणखी दुरुस्ती करावी, की चाळीस-पन्नास हजार खर्चून नवा घ्यावा?

हा प्रश्न डॉक्टरला कशाला विचारायचा, असे आपणांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या निर्णयाचे परिणाम पुष्कळदा आमच्या दवाखान्यात येऊन पोहोचतात. वीजबिलाच्या धास्तीने रात्रभर घामात भिजत पडणारे आजोबा, गार पण ओलसर वासाच्या खोलीत सकाळी सकाळी शिंकणारे मूल, जांघेतला नायटा औषधाने बरा होऊन पुन्हा उलटलेला तरुण, हे सारे रुग्ण उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात नेमाने येतात. म्हणून हा हिशेब केवळ रुपयांत न मांडता शरीराच्या बाजूनेही मांडू.

घाम वाळत नाही तेव्हा

आपले शरीर स्वतःला गार ठेवते ते मुख्यतः घामाच्या आधारे. परंतु घाम नुसता येऊन भागत नाही. तो वाळावा लागतो. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम निथळून गंजिफ्रॉकात मुरला, तर शरीरातले पाणी व मीठ जाते आणि गारवा मात्र फारसा मिळत नाही. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल, तर नेमके हेच घडते. म्हणूनच नागपूरच्या ४३ अंशांत डेझर्ट कूलर सुखावतो आणि मुंबईच्या ३४ अंशांत तोच कूलर खोलीत आणखी ओल भरून जीव नकोसा करतो. किनारपट्टीवर एसीऐवजी कूलर घेऊन पैसे वाचवण्याचा विचार म्हणूनच सोडून द्यावा.

दमट उष्म्याला आपण हलके लेखतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावरील समारंभानंतर उष्माघाताने दहाहून अधिक माणसे दगावली. विदर्भाच्या मानाने त्या दिवशीचे तापमान फार नव्हते. थेट ऊन, दमट हवा आणि तासन्‌तास एका जागी बसणे यांचा तो एकत्रित परिणाम होता. घरातला उकाडा इतका तीव्र नसतो हे खरे. परंतु तो रात्रीही उतरत नाही, आणि वयस्कर शरीराला तेच सोसत नाही. वयानुसार तहान कमी लागते, घाम कमी येतो. त्यातच रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा बीटा ब्लॉकर, मानसिक आजारावरील काही औषधे चालू असतील, तर उष्णता सोसण्याची क्षमता आणखी घटते.

एसीचे दुसरे काम

१९०२ मध्ये अमेरिकेत विलिस कॅरिअर या अभियंत्याने पहिल्या आधुनिक वातानुकूलन यंत्रणेचा आराखडा केला, तो माणसांना गार करण्यासाठी नव्हता. ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमटपणामुळे कागद ताणला-आक्रसला जाई आणि रंगछपाई बिघडे. हवेतले बाष्प आटोक्यात ठेवणे हा हेतू होता. किनारपट्टीवरच्या आपल्या घरांत एसीचे हे काम थंडाव्याइतकेच मोलाचे आहे.

ते नीट होते आहे का, हे घरबसल्या तपासता येते. दमट रात्री एसीच्या सांडपाण्याच्या नळीखाली तासभर बादली ठेवा. चांगला दीड टनी एसी तासाला सुमारे लिटरभर पाणी सहज काढतो. नळी मोकळी असूनही थेंबथेंबच पडत असेल, तर एसी बाष्प काढत नाही असे समजा. त्याच्या जोडीला काही शे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक खोलीत ठेवा. काटा ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असावा. तो सतत ६० च्या वर राहिला, तर भिंतींवर, गाद्यांत व कपाटामागे बुरशी आणि धुळीतले सूक्ष्म कीटक फोफावतात. दमेकरी आणि ॲलर्जीच्या रुग्णांचा त्रास येथूनच वाढतो. घामोळे व नायटा यांनाही ओल हवीच असते.

बदलण्यापूर्वी काय विचारावे

‘गॅस कमी झाला’ हे वाक्य ऐकले, की सावध व्हा. एसीतला गॅस पेट्रोलप्रमाणे जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत असतो. तो कमी झाला याचा अर्थ कोठेतरी गळती आहे. गळती न शोधता दरवर्षी तीन-चार हजारांचा गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. नायट्रोजनचा दाब देऊन गळती शोधून घ्या, ती बुजवा आणि मगच गॅस भरा.

गार न होण्याची कारणे पुष्कळदा क्षुल्लक असतात. जाळी धुळीने बुजलेली, बाहेरच्या युनिटसमोर अडगळ, कपॅसिटर गेलेला. यांची दुरुस्ती थोडक्यात होते. कॉम्प्रेसर बिघडला असेल, तर आधी बिल काढून पाहा. अनेक कंपन्या कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची हमी देतात.

मात्र पुढीलपैकी काही असेल, तर बदलणेच शहाणपणाचे. खाऱ्या हवेने कॉइल ठिकठिकाणी गंजली आहे आणि एक गळती बुजवली की दुसरी उघडते आहे. हमी संपल्यावर कॉम्प्रेसर गेला आहे. किंवा एसी आर-२२ या जुन्या गॅसवर चालणारा आहे. ओझोनच्या थराला घातक असल्याने हा गॅस माँट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद होत आहे.

रुपयांचा हिशेब

नव्या एसीने वीज वाचते हे खरे. किती वाचते, हे मात्र आपल्या घरच्या मीटरवरून पाहावे. रात्री एसी लावताना आणि सकाळी बंद करताना मीटरचा आकडा टिपा. दुसऱ्या रात्री एसी न लावता पुन्हा टिपा. दोहोंतला फरक म्हणजे तुमच्या एसीचा एका रात्रीचा खर्च.

उदाहरणादाखल, जुना एसी रात्री १० युनिट घेतो आणि त्याच मापाचा नवा इन्व्हर्टर एसी ६ युनिट घेईल, असे धरू. रोज ४ युनिट वाचले. वर्षात १५० रात्री एसी लागला, तर ६०० युनिट. युनिटला १२ रुपये धरले, तर वर्षाकाठी ७,२०० रुपये. दीड टनाचा पाच स्टारचा एसी साधारण ४० ते ५० हजारांत मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने थोडा दिलासा आहे. त्यावर बसवणावळ, तांब्याची नळी, स्टँड यांचे काही हजार वेगळे. एकूण ५० हजार धरले, तर केवळ विजेच्या बचतीतून पैसे फिटायला सुमारे सात वर्षे लागतील. वर्षात १०० रात्रीच लावत असाल, तर दहा वर्षांहून अधिक.

तेव्हा चालता एसी निव्वळ वीज वाचवण्यासाठी मोडीत काढू नये. मोठी दुरुस्ती पुढ्यात आली असेल, तर दुरुस्तीची रक्कम नव्याच्या किमतीतून वजा करून हाच हिशेब पुन्हा करावा. आणि घरात दमेकरी, हृदयरुग्ण, तान्हे मूल किंवा सत्तरीपुढचे कोणी असेल व जुना एसी बाष्प काढत नसेल, तर विजेच्या हिशेबाची वाट पाहू नये.

नवा घेताना

मोठा एसी म्हणजे चांगला एसी, हा समज दमट प्रदेशात महागात पडतो. गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटपट गार करतो आणि थांबतो. बाष्प काढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली गार, पण गिळगिळीत राहते. साधारण १०० ते १२० चौरस फुटांच्या खोलीला एक टन आणि १५० ते १८० चौरस फुटांना दीड टन पुरतो. गच्चीखालची किंवा पश्चिमेच्या उन्हाची खोली असेल, तर थोडे अधिक.

स्टारचे निकष वेळोवेळी कडक होतात, त्यामुळे जुन्या पाच स्टारची आजच्या पाच स्टारशी तुलना करू नका. लेबलवर १,६०० तासांच्या वापरासाठी वर्षाला किती युनिट लागतील, हा आकडा छापलेला असतो, तो वाचा. वर्षात एसी थोडाच लावणाऱ्या घराला तीन स्टारचाही पुरतो. समुद्राजवळ राहत असाल, तर तांब्याची, गंजरोधक लेप दिलेली कॉइल मागून घ्या.

वापरताना तापमान २५-२६ अंशांवर ठेवून पंखा मंद लावा. २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ अंशांवरच लागतात. त्याखाली उतरण्याची गरज क्वचितच भासते. पावसाळ्यात ‘ड्राय’ मोड उपयोगी पडतो. एसीचा स्वतःचा पंखा ‘ऑटो’वर ठेवा, तो अखंड चालू राहिला, तर कॉइलवर जमलेले पाणी पुन्हा खोलीत उडते. दर पंधरा दिवसांनी जाळी धुवा. घरातला साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, म्हणून सकाळी खिडक्या उघडा. घरात कोणी खोकत असेल, तर हे कटाक्षाने करा.

एसी कोणाच्या खोलीत?

घरात एकच एसी असेल, तर तो बहुधा कमावत्या दांपत्याच्या खोलीत असतो आणि आजी-आजोबा हॉलमध्ये पंख्याखाली झोपतात. ‘आम्हाला गारवा सोसत नाही’ असे ज्येष्ठ मंडळी म्हणतात. काहींच्या बाबतीत ते खरेही असते. परंतु वेगळे बसवून विचारले, तर यामागे पुष्कळदा वीजबिलाचा संकोच असतो. औषधे चालू असणाऱ्या ज्येष्ठांसाठी उकाड्याच्या रात्री काही तास तरी गार, कोरड्या हवेत झोपणे ही चैन नव्हे. नवा एसी घेताना तो कोणाच्या खोलीत बसवायचा, किंवा उकाड्याच्या दिवसांत त्या खोलीत कोणी झोपायचे, हेही घरात सर्वांनी बसून ठरवावे.

एसी असो वा नसो, एक गोष्ट लक्षात ठेवा. उकाड्यात कोणी असंबद्ध बोलू लागले, झोकांड्या जाऊ लागल्या, अंग तापाने फणफणले, तर तो उष्माघात असू शकतो. घाम येत असला, तरीही. १०८ वर फोन करा. मदत येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी शिंपडा, पंखा घाला, काखेत व मानेला बर्फाच्या पिशव्या लावा. शुद्ध हरपली असेल, तर तोंडाने पाणी पाजू नका.

या पंधरवड्यात एवढे करा. नळीखाली बादली ठेवा, मीटरचे दोन आकडे टिपा आणि ज्येष्ठांच्या औषधांची यादी घेऊन आपल्या डॉक्टरांना भेटा. हे तीन कागद टेबलावर असले, की दुकानात जायचे की तंत्रज्ञाला बोलवायचे, हे ठरवणे सोपे जाईल.