‘समजले का?’ : परिवीक्षेच्या अटी आणि बौद्धिक अक्षमता

अपराध्याचे समाजात पुनर्वसन हा विषय समाजशास्त्राचा किंवा विधिशास्त्राचा मानला जातो. भाषाभ्यासकाने त्यात लक्ष घालावे, असे सहसा कोणास वाटत नाही. परंतु ज्याची आकलनशक्ती बालपणापासूनच मर्यादित आहे, अशा अपराध्याच्या बाबतीत कारागृह आणि घर यांमधील अडसर पुष्कळदा भाषेचाच असतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम घेऊ. देहान्त वा आजन्म कारावास ज्यास होऊ शकत नाही अशा अपराधाबद्दल दोषी ठरलेल्या माणसास, तत्काळ शिक्षा न देता, न्यायालय जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बंधपत्रावर सोडू शकते व परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवू शकते. कलम ४ च्या पाचव्या उपकलमानुसार देखरेखीच्या आदेशातील अटी न्यायालयाने अपराध्यास समजावून सांगितल्याच पाहिजेत. बंधपत्राची अट मोडल्यास कलम ९ अन्वये पहिल्या खेपेस पन्नास रुपयांपर्यंतच्या दंडावर भागू शकते. पण मूळ अपराधाची शिक्षाही होऊ शकते. एक वाक्य कळले नाही म्हणून माणूस तुरुंगात जाऊ शकतो, असा याचा अर्थ.

चर्चेपुरते रचलेले एक वाक्य पाहा : ‘सदरहू इसमाने अधिकाऱ्यांच्या लेखी पूर्वपरवानगीखेरीज निवासस्थान बदलू नये, अन्यथा योग्य ती कारवाई करण्यात येईल.’ ‘सदरहू इसम’ म्हणजे आपणच, हे ऐकणाऱ्याने प्रथम ओळखावयाचे. ‘खेरीज’ आणि ‘नये’ या दोन निषेधांतून ‘आधी विचार, मग जा’ ही विधायक आज्ञा त्याने स्वतःच काढावयाची. ‘करण्यात येईल’ या प्रयोगात कर्ता लोपतो. कारवाई कोण करणार, हे कळत नाही. आणि जत्रेसाठी चार दिवस मावशीकडे राहणे हे निवासस्थान बदलणे होय काय? आपल्यापैकी किती जण याचे उत्तर छातीठोकपणे देतील? तेच असे सांगता येते : ‘तुम्ही आईच्या घरी राहायचे. दुसरीकडे झोपायला जायचे असेल, तर आधी साहेबांना विचारायचे. ते हो म्हणाले, तरच जायचे.’ येथे ‘तुम्ही’ मुद्दाम योजले आहे. चाळीस वर्षांच्या माणसास, तो मंदगतीने समजतो म्हणून, ‘तू’ म्हणण्याची आपली सवय त्याचे प्रौढत्व हिरावून घेते.

यानंतर ‘समजले का?’ असे विचारले जाते आणि ‘हो’ असे उत्तर येते. १९८१ साली अमेरिकेत कॅरोल सिगेलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की अशा व्यक्ती परस्परविरोधी प्रश्नांनाही अनेकदा होकार देतात. मात्र १९९६ साली मार्क रॅप्ली आणि चार्ल्स अंटाकी यांनी प्रत्यक्ष संभाषणांचे सूक्ष्म विश्लेषण करून या निष्कर्षाच्या सरसकटपणास आव्हान दिले. प्रश्न पुन्हा विचारला गेला, की पहिले उत्तर चुकले असावे असे समजून माणूस ते बदलतो. दोष बराचसा विचारण्याच्या रीतीत असतो. मला हा दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. ‘समजले का?’ याऐवजी ‘शनिवारी मावशीने बोलावले, तर काय कराल?’ असे विचारावे व उत्तर त्याच्याच शब्दांत ऐकावे.

असे जुळवून घेण्याचे उत्तरदायित्व संस्थेचे, हे इंग्लंडमधील उच्च न्यायालयाने २०१० साली मान्य केले आहे. एका आजन्म कैद्याची किमान मुदत संपली होती. परंतु सुटकेचा मार्ग ज्या सुधारणावर्गांतून जात होता, ते त्याच्या बौद्धिक कुवतीबाहेरचे ठरल्याने त्यास प्रवेशच मिळेना. त्यास झेपेल असे काही उपलब्ध करून न देण्यात शासनाने १९९५ च्या अपंगत्व भेदभाव अधिनियमाचा भंग केला, असा निर्णय झाला.

आपल्या उपकलमात आणखी एक तरतूद आहे, तिच्याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. आदेशाची एक प्रत जामीनदारासही द्यावयाची असते. हा जामीनदार बहुधा घरचाच कोणी, भाऊ किंवा मामा. संध्याकाळी ओट्यावर बसून तो कागद पुन्हा वाचून दाखविणारा तोच. तेव्हा आदेशाचा मसुदा करणाऱ्याने ते वाक्य एकदा त्या ओट्यावरच्या मराठीत मोठ्याने म्हणून पाहावे.