रेझिनची हौस आणि हवेचा दाब

आपल्या नंदुरबार-नवापूरकडच्या पुष्कळ घरांचे एक टोक गुजरातेत असते. कुणाची लेक सुरतेला दिलेली, कुणाचा भाऊ बडोद्यात नोकरीला. माझी धाकटी बहीण बडोद्याला दांडिया बाजारात राहते. दिवाळीनंतर तिच्याकडे गेले, तर मागच्या व्हरांड्यात भाचीने चक्क छोटा कारखानाच मांडलेला! रबरी साचे, रंगांच्या बाटल्या, वाळवलेली फुले आणि काचेसारख्या पारदर्शक रेझिनमध्ये गोठवलेली लोकांची लग्नातली वरमाला.

सध्या या वस्तूंना मोठी मागणी आहे. बाळाचे जावळ, लग्नपत्रिकेचा तुकडा, पहिल्या मंगळागौरीचे फूल असे काहीबाही रेझिनमध्ये जपून ठेवायला लोक देतात. बडोदे तर हाताने घडवणाऱ्यांचे गाव. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये इथे कलाभवन काढले आणि आपले दादासाहेब फाळकेही तिथे शिकले. भाचीला हौस लागली, यात नवल नाही.

पण तिचा चेहरा उतरलेला होता. एक लॉकेट हातावर ठेवून म्हणाली, "मावशी, हे बुडबुडे बघ ना! किती जपून ओतलं तरी राहतातच. आता आईचा जुना कुकर घेणार आहे. गॅरेजवाला झाकणाला भोक पाडून नळी बसवून देतो म्हणालाय. कॉम्प्रेसरची हवा भरली की बुडबुडे गायब."

बहीणही लगेच म्हणाली, "घेऊ दे गं. वीस वर्षं झाली त्या कुकरला, कधी काही झालं नाही."

हे ऐकून हातातला चहा बाजूला ठेवून उठले ते आमचे मेहुणे. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची उभी हयात देखभाल विभागात गेली. ते म्हणाले, "ताई, आजवर फुटला नाही, ही काही खात्री नव्हे. त्याला किती दाब सोसायला बनवलाय, एवढंच विचारायचं असतं." मग त्यांनी जे सांगितले, ते घरात असा उद्योग करणाऱ्या प्रत्येकीने ऐकावे असे आहे.

दाबाने काय होते?

रेझिन आणि हार्डनर ढवळताना त्यात हवा मिसळते. साचा ओतल्यावर तो बंद भांड्यात ठेवून वर ४० पाउंड दाबाची हवा भरली, तर बुडबुड्याचे आकारमान साधारण पावपट होते. दाब तसाच ठेवून रेझिन घट्ट झाले, की उरलेला बुडबुडा डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे रेझिन पुरते घट्ट होईपर्यंत दाब टिकला पाहिजे. काही रेझिनला अर्धा तास पुरतो, तर काहींना पूर्ण दिवस लागतो. तेवढा वेळ ते भांडे आपल्या घरात भरलेल्या बंदुकीसारखे असते.

"स्कूटरच्या चाकातही तीस पाउंड असतात की," भाची म्हणाली. मेहुण्यांनी कागद घेतला. दहा इंच व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ साधारण ७८ चौरस इंच. दर चौरस इंचावर ४० पाउंड धरले, तर झाकणाला उचलणारा जोर होतो सुमारे चौदाशे किलो. दोन जुन्या मारुती ८०० गाड्यांच्या वजनाहून जास्त! बोल्ट सुटला, तर ते झाकण कुठे जाईल, याचा विचार करा.

कुकर का नको?

घरगुती कुकर साधारण एक किलो, म्हणजे १५ पाउंडांच्या आसपासच्या वाफेसाठी बनवलेला असतो. त्याची शिटी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच हिशेबाने बसवलेले असतात. ४० पाउंड म्हणजे त्याच्या अडीचपटीहून जास्त. एवढा दाब भरायचा, तर शिटीची जागा बंद करावी लागते, म्हणजे ज्याने जीव वाचायचा तेच बुजवायचे. वर भोक पाडले, की झाकणाची ताकदही गेली. फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, पण ते चिन्ह स्वयंपाकासाठी आहे, हवा भरण्यासाठी नाही.

पीव्हीसी पाइप, रंगाचा पत्र्याचा डबा, जाड काचेची बरणी यांतही कधी हवा भरू नये. पीव्हीसी फुटला, तर त्याच्या धारदार चिंधड्या उडतात.

दाबाशी खेळ किती महागात पडतो, हे बडोद्याने पाहिले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये याच मकरपुऱ्यात एका कारखान्यातला बॉयलर फुटला आणि किमान चार जीव गेले. बॉयलर मोठा, आपली टाकी लहान, पण कोंडलेल्या दाबाचा स्वभाव एकच.

मग घ्यावे काय?

स्प्रे पेंटिंगवाले वापरतात ती रंगाची प्रेशर टाकी या कामाला चालते. दहा लिटरची पुरते. घेताना एवढे पाहावे :

१. टाकीवर कंपनीची पट्टी हवी आणि तिच्यावर कामाचा दाब छापलेला हवा. चाचणीचा दाब वेगळा आणि जास्त असतो, त्यावर भुलू नये. पट्टीच नसेल, तर कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

२. सेफ्टी व्हॉल्व्ह टाकीच्या कामाच्या दाबाला किंवा त्याआधी उघडणारा हवा. आपण नेहमी त्याहून बरेच खाली राहावे. साठ पाउंडांची टाकी असेल, तर चाळीसवर थांबावे.

३. हवा रेग्युलेटरमधूनच यावी. काटा नीट वाचता येईल असा हवा. हवा सोडायला वेगळी तोटी हवी.

४. झाकणाचे सगळे स्क्रू समोरासमोरच्या जोडीने आवळावेत. एकही कमी असेल, तर टाकी वापरू नये.

५. रंग ढवळण्याचा दांडा काढला, तर त्या भोकाला योग्य आट्यांचे धातूचे बूच बसवावे. टाकीला नवे भोक किंवा वेल्डिंग कधीही नको.

६. जुनी टाकी घेताना आतला गंज, पोचे, फुगलेला तळ आणि झिजलेले आटे पाहावेत. शंका आली, की सोडून द्यावी.

जुनी टाकी वापरण्याआधी जाणत्या वर्कशॉपमधून पाण्याची चाचणी करून घ्यावी. टाकी पाण्याने काठोकाठ भरून, आतली सगळी हवा काढून, हातपंपाने कामाच्या दाबाच्या दीडपट दाब देतात. पाणी हवेसारखे दाबले जात नाही, म्हणून टाकी चिरली तर पाणी झिरपते, स्फोट होत नाही. हीच चाचणी हवेने करून पाहणे म्हणजे सुतळी बॉम्ब हातात धरून वात तपासणे.

टाकी उघडताना आधी तोटी हळूहळू पूर्ण सोडावी, काटा शून्यावर येऊ द्यावा आणि मगच स्क्रूला हात लावावा. दाब असताना लहान मुलांना खोलीत येऊ देऊ नये.

दाबाशिवायही जमते

एवढे सांगून मेहुणे म्हणाले, "आधी बघ तरी, तुला टाकी लागते का?" खरेच, वरमालेची मोठी चौकट दहा लिटरच्या टाकीत मावतच नाही. तिला सावकाश घट्ट होणारे रेझिन पातळ थरांनी ओतावे. एकदम जाड ओतले, तर ते तापते आणि तडकते. फुले सिलिका जेलमध्ये पूर्ण वाळवावीत आणि ओतण्याआधी पाकळ्यांना रेझिनचा हात द्यावा, म्हणजे पाकळीतली हवा आधीच निघते. थंडीत रेझिनची बाटली कोमट पाण्यात ठेवावी, मिश्रण हळू ढवळावे आणि बारीक धारेने ओतावे. हातमोजे घालावेत आणि खिडकी उघडी ठेवावी.

भाचीने आठवडाभर हेच करून पाहिले. चौकटी स्वच्छ निघाल्या. जाड लॉकेटांसाठी मात्र तिने पट्टी असलेली नवी टाकी घेतली. ती व्हरांड्याच्या टोकाला, जाळीच्या दाराआड ठेवली आहे. बहिणीचा नातू नुकताच रांगायला लागला आहे. त्याचे जावळही आता रेझिनमध्ये जपायचे ठरले आहे.

आणि तो जुना कुकर? निघताना त्यातच शिजलेली खिचडी खाऊन मी गाडीला बसले.