ट्युबांची जोडी जमवताना

मुंबईत २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली आणि पाश्चात्त्य सिम्फनी येथील रसिकांच्या परिचयाची होऊ लागली. अशा वाद्यवृंदात व्हायोलिनवादकांचा ताफाच असतो. ट्युबावादक मात्र बहुधा एकटाच. पितळी वाद्यांचा पाया त्याने एकट्याने सांभाळायचा. त्यामुळे अनेक व्यावसायिक वादक निरनिराळ्या पट्ट्यांचे दोन ट्युबा बाळगतात. चांगल्या ट्युबाची किंमत कित्येक लाख रुपये असल्याने दुसऱ्या वाद्याची निवड चुकल्यास ती फार महागात पडते.

आपल्याकडे तबलावादक गायकाच्या पट्टीनुसार तबला बदलतो. ट्युबाचे तसे नाही. व्हॉल्व्हच्या साहाय्याने कोणत्याही ट्युबावर बाराही स्वर वाजविता येतात. वाद्य बदलावे लागते ते सप्तक आणि नादाच्या पोतासाठी.

ट्युबाची पट्टी नळीच्या लांबीवरून ठरते. बी-फ्लॅट ट्युबाची नळी सुमारे १८ फूट, सीची १६, ई-फ्लॅटची १३, तर एफची १२ फूट असते. लांब नळीचा खर्ज भरदार असतो. परंतु वरच्या सप्तकात तिचे नैसर्गिक स्वर एकमेकांच्या इतके जवळ येतात की ओठांचा ताण किंचित चुकला तरी शेजारचा स्वर लागतो. आखूड नळीवर हे स्वर अधिक खात्रीने मिळतात. म्हणूनच प्रोकोफिएव्हच्या पाचव्या सिम्फनीतील (१९४४) खर्जासाठी मोठा ट्युबा, तर व्हॉन विल्यम्सच्या ट्युबा कॉन्चेर्टोसाठी (१९५४) बहुधा एफ किंवा ई-फ्लॅट ट्युबा घेतला जातो.

अमेरिकेतील वाद्यवृंदांत सी आणि एफ, तर जर्मनीत बी-फ्लॅट आणि एफ ही जोडी रूढ आहे. ब्रिटिश ब्रास बँडमध्ये दोन ई-फ्लॅट आणि दोन बी-फ्लॅट ट्युबा असे चार वादकच बसतात. या सर्व जोड्यांत चौथ्या किंवा पाचव्या स्वराइतके अंतर आहे. याउलट बी-फ्लॅट आणि सी यांत एकाच स्वराचे अंतर असल्याने दोन्ही वाद्ये जवळजवळ तेच काम करतात.

खरी अडचण बोटांची आहे. वाद्यवृंदात ट्युबाचे स्वरलेखन मूळ स्वरातच असते. त्यामुळे एफ ट्युबावर एकही व्हॉल्व्ह न दाबता मिळणाऱ्या एफ स्वरासाठी सी ट्युबावर पहिला व्हॉल्व्ह दाबावा लागतो. वादकाला दोन्ही बोटरचना स्वतंत्रपणे घोटाव्या लागतात. ब्रिटिश बँडमध्ये वाद्याच्या पट्टीनुसार स्वरलेखन बदलत असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही.

तात्पर्य, आधी मुख्य वाद्यावर हात पक्का करावा आणि आपल्याला वाजवाव्या लागणाऱ्या रचनांत ते कोठे अपुरे पडते, हे पाहावे. मग खरेदीपूर्वी तोच उतारा दोन्ही ट्युबांवर आलटून-पालटून वाजवावा आणि जाणकाराला सभागृहात दूर बसवून ऐकण्यास सांगावे. पहिल्या ट्युबाची उणीव भरून काढील, तोच दुसरा ट्युबा योग्य.