टँकर-अनुरक्षण
चिंचोळ्या वा उथळ जलमार्गातून जाणाऱ्या मोठ्या तेलवाहू जहाजाबरोबर शक्तिमान टग (ओढनौका) ठेवण्याची पद्धती. जहाजाचे एंजिन वा सुकाणू निकामी झाल्यास ते खडकावर जाण्यापूर्वी रोखणे वा वळविणे, हा तिचा मुख्य हेतू होय.

सुमारे ३ लाख टन भारक्षमतेच्या टँकराची लांबी सु. ३३० मी. असते व पूर्ण भरलेला असताना तो पाण्याखाली २० मी.हून अधिक बुडालेला असतो. प्रचंड निरूढीमुळे पूर्ण वेगातील असे जहाज थांबण्यास काही किमी. अंतर लागते. सुकाणूचा परिणाम त्यावरून वाहणाऱ्या पाण्यावर अवलंबून असल्याने, मळसूत्र उलटे फिरवून वेग कमी करताना दिशानियंत्रणही क्षीण होते. उथळ पाण्यात तळाखालील प्रवाह वेगवान होऊन तेथील दाब घटतो व जहाज आणखी खाली बसते. हा परिणाम स्थूलमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून वेगमर्यादा आणि भरतीची वेळ कटाक्षाने पाळावी लागते.

अनुरक्षक टग टँकराच्या पिछाडीस दोराने जोडतात. कमी वेगात तो सरळ ओढ देतो. ताशी ८ ते १० सागरी मैल वेगात मात्र तो स्वतःस प्रवाहाशी तिरपा धरतो. त्यामुळे त्याच्या बुडालेल्या भागावर पाण्याचा जो रेटा निर्माण होतो, तो दोरावाटे टँकरास मिळतो. हे बल टगच्या एंजिनाच्या सरळ ओढीपेक्षा अधिक असू शकते. यासाठी कोणत्याही दिशेस रेटा देऊ शकणारी फॉइट-श्नायडर प्रचालकासारखी यंत्रणा लागते. दोर आडवा ताणला गेल्यास टग उलटण्याचा धोका असल्याने दोर तत्काळ सोडण्याची सोय केलेली असते.

२४ मार्च १९८९ रोजी अलास्कातील प्रिन्स विल्यम साउंडमध्ये ‘एक्सॉन व्हाल्डीझ’ हा टँकर ब्लाय खडकावर चढून सु. ३७,००० टन तेल सांडले. त्यानंतर अमेरिकेच्या १९९० च्या तेलप्रदूषण अधिनियमाने तेथे एकपदरी सांगाड्याच्या मोठ्या भरलेल्या टँकरांबरोबर दोन अनुरक्षक नौका सक्तीच्या केल्या. २०१० मध्ये ही सक्ती दुपदरी सांगाड्याच्या टँकरांनाही लागू झाली. फेब्रुवारी १९९६ मध्ये वेल्समधील मिलफर्ड हेवन बंदराच्या मुखाशी ‘सी एम्प्रेस’ खडकावर चढला. तो खडकावरून सुटल्यावरही वादळी वाऱ्यात टगांना त्यास धरून ठेवता आले नाही, परिणामी सु. ७२,००० टन तेल समुद्रात गेले. अपघातानंतर टगांचे बळ किती तोकडे पडते, हे यावरून दिसून आले. त्यामुळे टग आधीच जोडलेला असणे, टँकराचा वेग त्याच्या आवाक्यातील असणे आणि मार्गदर्शक पायलट, कप्तान व टगचालक यांच्यात पूर्वनियोजन असणे, या तिन्ही गोष्टी अनुरक्षणाच्या यशासाठी आवश्यक ठरतात.